अकरा कोहळे आणि एक विमान

रकाना १ : अपघाताची जागा

फॉर्म मुळात फोर्कलिफ्टचा होता. विमान घसरण्याची कंपनीची ही पहिलीच वेळ, त्यामुळे विमानासाठी वेगळा फॉर्म कुणी छापून ठेवला नव्हता; आणि चेन्नईतल्या गिंडीच्या हेड ऑफिसात फॉर्म भरल्याशिवाय एखादी गोष्ट घडली असं मानायची पद्धत नाही. जागेसाठी चार पर्याय होते : गोदाम, यंत्रशाळा, कँटीन, आवार. ऋजुताने आवारावर खूण केली.

हे आवार म्हणजे गुम्मिडिपूंडीच्या पुढे, पंपांचा कारखाना आणि कोळंबीची तळी यांच्यामधली अकराशे मीटरची डांबरी पट्टी. चेअरमन कोइंबतूरला राहतात. रस्त्याने आठ तास त्यांना बसवत नाही, म्हणून सहा आसनांचं विमान आलं, विमानासाठी पट्टी आली आणि पट्टीला एक सुरक्षा अधिकारी लागतो असं बऱ्याच वर्षांनी निघालं म्हणून फोर्कलिफ्टच्या सुरक्षेवरून उचलून ऋजुताला तिथे नेमलं. आधी पाच दिवसांचा कोर्स झाला. सांगलीत वडिलांच्या गॅरेजात वाढलेली मुलगी इंजिनाच्या आवाजाला दचकत नाही, हा तिचा जादा गुण धरला गेला.

रकाना ९ : जबाबदार व्यक्ती (एकच नाव लिहावे)

दोनच्या आधी नऊ, कारण फॉर्म हातात आला की सगळे आधी शेवटचं पान उलटून बघतात.

प्रशासनाचे उपाध्यक्ष नारायणस्वामी स्वतः तिच्या टेबलापाशी येऊन सांगून गेले होते. शुक्रवारी चारच्या बैठकीत फॉर्म पुरा पाहिजे. सोमवारी दिल्लीहून तपासाचा माणूस येतो. त्याच्या हातात आपला कागद आधी पडलेला बरा, असं त्यांचं मत. नवव्या रकान्यात काय लिहायचं तेही त्यांनी सांगून टाकलं : व्यासराज राव, पट्टीचे केअरटेकर, वय सत्तावन्न. कोहळे त्यांनीच फोडले, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. एवढी एक ओळ लिहिली की व्यासराजांची नोकरी जाणार होती आणि नोकरीबरोबर पट्टीच्या टोकाची दोन खोल्यांची क्वार्टर, जिथे ते आपल्या आईला, राजसबाईंना, घेऊन राहत होते.

त्या ओळीत तितकंच नीट बसेल असं दुसरं एक नाव ऋजुताला माहीत होतं. ते तिचं स्वतःचं. आणि ते आणखी एकाच माणसाला माहीत होतं, तो माणूस म्हणजे व्यासराज.

रकाना २ : वाहनाचा प्रकार

"अंतर्गत मालवाहतूक." विमानाला याहून जवळचा पर्याय नव्हता.

रकाना ३ : वाहनावर क्षमतेपेक्षा जास्त माल होता काय?

माल : चेअरमन. नाही.

रकाना ४ : इजेचे स्वरूप

चेअरमनांच्या उजव्या मांडीवर फिल्टर कॉफी. उतरण्याआधी संपवावी म्हणून त्यांनी थर्मासमधून ओतून घेतली होती. फॉर्ममध्ये शरीराचं चित्र असतं, त्यावर इजेच्या जागी गोल करायचा. गोल जरा वर गेला म्हणून नारायणस्वामींनी तो रबराने पुसून खाली काढायला लावला.

पायलट प्रतापसिंह यांना काही झालं नाही. विमानाचा पंखा वाकला, पुढचं चाक पाण्याच्या चरात रुतलं आणि नाक कोळंबीच्या तळ्याच्या बांधावर टेकलं. कोळंबीबद्दल रकाना नव्हता.

रकाना ५ : कारण

"पक्षी." हे नारायणस्वामींचं. विमानाला पक्षी आडवे येतात हे जगजाहीर आहे आणि पक्ष्याला मेमो द्यावा लागत नाही. पण खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं : कारण सजीव असल्यास जात नमूद करावी. सजीव म्हणजे फोर्कलिफ्टच्या फॉर्ममध्ये उंदीर अपेक्षित होता. इथे होते कावळे, दीडदोनशे. ऋजुताने तसं लिहिलं तेव्हा नारायणस्वामींनी पेन तिच्या हातातून अलगद काढून घेतलं. महालयाची अमावास्या होऊन दहा दिवस झाले होते. त्यांच्या घरी रोज पहिला घास कावळ्याला जातो. त्यांचे वडील, काका, आजोबा सगळे त्या रूपाने येऊन जेवतात अशी घरातली श्रद्धा. आता दिल्लीला जाणाऱ्या कागदावर कावळ्याला आरोपी कसा करायचा? त्यांनी ते स्वतः खोडलं आणि खोडल्यावर हळूच हात जोडले.

रकाना ५, पुन्हा

"वारा." त्या दिवशी दक्षिणेचा जोरदार वारा होता आणि विमान दक्षिणेकडूनच आलं, म्हणजे वारा पाठीवर घेऊन उतरलं. असं कुणी उतरत नाही. विमान नेहमी वाऱ्याला तोंड देऊन उतरतं, त्याचा वेग आवरतो. हे कळावं म्हणून पट्टीच्या कडेला खांबावर विंडसॉक असतो, केशरी कापडाची लांब पिशवी. वारा भरला की आडवी होते, नसला की लोंबते. त्या दिवशी ती लोंबत होती. पायलटने वरून पाहिलं, वारा पडलाय असं समजला आणि सरळ आला. पिशवी का लोंबत होती असं कुणी विचारलं तर सांगावं लागलं असतं की तिला झेंडूची माळ घातली होती. सात किलोची. चेअरमनांनीच पाठवलेली.

वाराही खोडला.

रकाना ५, तिसऱ्यांदा

"पायलटची चूक." प्रतापसिंहांचा भाऊ हायकोर्टात वकील आहे. गुरुवारी सुटी असूनही त्यांचं दोन पानी निवेदन आलं. त्यात एक वाक्य अधोरेखित केलं होतं : पट्टीवर अडथळा असल्याचं मला रेडिओवर कुणीही सांगितलं नाही.

ऋजुताने ते वाक्य तीनदा वाचलं. ते शब्दन् शब्द खरं होतं.

मग नारायणस्वामी म्हणाले, कारण "कोहळा" असं लिहा. कोहळा वनस्पती आहे, त्याला नातेवाईक नाहीत. आणि कोहळा आपोआप फुटत नाही, तेव्हा पाचव्यावरून नवव्या रकान्यात आपण सरळ जाऊ.

रकाना ६ : घटनाक्रम (पाच ओळींत)

पाच ओळींत ते मावणारं नव्हतं.

बुधवारी आयुधपूजा होती. ज्याच्यावर पोट चालतं त्याची त्या दिवशी पूजा करायची, त्याला गंध-कुंकू लावायचं आणि एक दिवस विश्रांती द्यायची. पूजेत ठेवलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायचं नाही. ऋजुताला यात नवल नव्हतं. सांगलीच्या गॅरेजात खंडेनवमीला पाने, जॅक, हातोडे सगळे पाटावर मांडलेले असत आणि त्या दिवशी दारात कुणाची गाडी बंद पडली तरी वडील "उद्या या" म्हणत.

फरक एवढाच की इथे सर्क्युलर निघालं होतं. नारायणस्वामींच्या सहीचं : प्रत्येक विभागाने आपली सर्व साधने पूजेत ठेवावीत, अपवाद नाही. त्याप्रमाणे लेथ मशीन बसली, कँटीनचे तवे बसले, हिशेबखात्याचे कॅल्क्युलेटर बसले. पट्टीवरचे झाडू, झाडण्याची गाडी, आग विझवण्याचा बंब आणि विमानाशी बोलायचा रेडिओ, सगळं ओळीने पट्टीच्या कडेच्या शेडमध्ये बसलं. विंडसॉक जागचा हलवता येईना म्हणून त्याला खांबावरच माळ घातली. रेडिओ ऋजुताने आपल्या हाताने नेऊन ठेवला. चंदनाची दोन बोटं ओढली, कुंकू लावलं. तिला बरं वाटलं होतं. घरापासून इतक्या लांब आपलं एखादं तरी हत्यार आहे, असं.

पूजा झाली की दृष्ट काढायला कोहळा फोडायचा असतो. चेन्नईत त्या दिवशी चौकाचौकांत पांढऱ्या फोडी आणि कुंकवाचा चिखल असतो आणि स्कूटरवाले जपून चालवतात. दरवर्षी कंपनीचा एक कोहळा व्यासराज फाटकाबाहेर फोडत. यंदा अकरा विभागांनी आपापला वेगळा आणला. एकाच कोहळ्यात आपली दृष्ट हिशेबखात्याच्या दृष्टीबरोबर निघावी हे यंत्रशाळेला मान्य नव्हतं.

साडेदहाला चेअरमनांचा विमानात बसण्याआधी फोन आला. जुनं विकून विमान नवं घेतलं आहे, लोकांची नजर आहे, तेव्हा कोहळे पट्टीवरच फोडा, जिथे चाक टेकतं तिथे. आणि विमान बाराच्या आत उतरलं पाहिजे, कारण बुधवारी बाराला राहूकाल लागतो.

व्यासराजांनी फोडले. अकरा कोहळे, वर चुरमुरे आणि डाळं. पाच मिनिटांत कावळे आले. व्यासराजांनी झाडू मागितला. झाडू पूजेत होता. ते ओणवे होऊन हाताने फोडी उचलू लागले, तेवढ्यात दक्षिणेला विमान दिसलं. अकरा छप्पन्न.

पुढचं सहाव्या रकान्यात तिने लिहिलं नाही.

रकाना ७ : साक्षीदार

शुक्रवारी सकाळी व्यासराज गुम्मिडिपूंडीहून लोकलने आणि पुढे बसने गिंडीला आले. लुंगीसारखी गुंडाळलेली, धुतलेली पांढरी वेष्टी, बगलेत जाडजूड वही. त्यांना बैठकीला बोलावलं नव्हतं. बाहेरच्या बाकावर थांबा असं सांगितलं होतं.

ते तंजावरचे मराठी. घरात जी मराठी बोलत ती तीनशे वर्षांपूर्वी निघाली आणि वाटेत तमिळ जेवत राहिली. ऋजुता पट्टीवर रुजू झाली त्या दिवशी ते तिच्याशी पहिलं वाक्य बोलले तेव्हा तिला आधी वाटलं की हे चेष्टा करताहेत.

आता त्यांनी वही तिच्यापुढे ठेवली. कंपनीच्या रजिस्टरमध्ये पट्टीसाठी एकच चौकट होती : साफ आहे, होय किंवा नाही. तिथे ते नऊ वर्षं रोज "होय" लिहीत आले. पण घरची भाषा हाताला राहावी म्हणून राजसबाईंनी त्यांना लहानपणापासून रोज काहीतरी मराठीत लिहायला लावलं होतं, आणि पट्टीवर राहणाऱ्या माणसाने लिहायचं तर पट्टीबद्दलच लिहायचं. संध्याकाळी ते आईला वाचून दाखवत. कंपनीत ती वही कुणी उघडून पाहिली नव्हती. पाहिली असती तरी कुणाला वाचता आली नसती.

बुधवारचं पान असं होतं :

"आश्विन शुद्ध नवमी. वारा दक्षिणेचा, बळकट. साडेदहास साहेबांचा फोन. कोहळे फाटकीं न फोडितां पट्टीवर फोडावे अशी आज्ञा. विनंती केली कीं रस निसरडा, चाक धरणार नाहीं. आज्ञा कायम. अकरा फोडिले. झाडू समस्त पूजेंत. हातें फोडी उचलूं लागलों तों विमान दिसलें. ऋजुताबाईंस म्हणालों, रेडिओ घ्या, वर फिरा म्हणा. बाईंनी हात पुढें केला. मागें घेतला. कुंकू ओलें होतें. मजही उचलतां आला असता. उचलिला नाहीं."

ऋजुताने वही मिटली नाही. कुंकू ओलं होतं हे तिला आठवत होतं. विमान टेकायला चाळीस सेकंद होते. नंतर तिने घड्याळाबरोबर ते कितीदा तरी मोजले होते. त्या चाळीस सेकंदांत तिच्या डोक्यात विमान नव्हतंच. वडिलांचा "उद्या या" हा आवाज होता.

"हे बैठकीत द्या," ती म्हणाली. "साहेबांचा फोन आला होता हे यात लिहिलंय. नवव्या रकान्यातून तुमचं नाव निघेल."

"देतों. म्हणून तर आणिलें. पण इंग्रजी तुम्हीच करणार, दुसरा कोण आहे?" व्यासराज वहीकडे बघत म्हणाले. "मग शेवटच्या सहा ओळी सोडून द्या, अम्मा. त्या कंपनीसाठी नव्हेत. आईस वाचायास लिहिल्या."

"त्या सोडल्या तर ते विचारतील, विमानाला सांगितलं का नाही. आणि तिथे उभे तुम्हीच होतात."

"विचारोत. माझें किती वर्षें राहिलें? एक. तुमचें तीस."

तिने वही जवळ ओढली. खरं तर तिला ते पटलं होतं, आणि पटलं याची तिला दिवसभर लाज वाटत राहिली.

रकाना ८ : जोडपत्रे

बैठकीत तिघंच होते : नारायणस्वामी, प्रतापसिंह आणि ऋजुता. वही कुठल्या लिपीत आहे हे आधी नारायणस्वामींनी लांबूनच पाहिलं. देवनागरी आहे म्हणताच त्यांचा चेहरा खुलला. ही तर हिंदी, हे तमिळनाडूत कसं चालेल? ऋजुताने ही हिंदी नव्हे, तंजावरची भाषा आहे, तमिळनाडूतलीच, असं सांगितल्यावर तो चेहरा पुन्हा मिटला.

ती ओळ वाचायची आणि इंग्रजी करून सांगायची. साहेबांच्या आज्ञेशी आल्यावर नारायणस्वामींनी तिला थांबवलं. चेअरमन आज्ञा करत नाहीत, ते इच्छा व्यक्त करतात. भाषांतरात तसं लिहा. तिने लिहिलं. निसरड्या रसाची विनंती आली तेव्हा ते म्हणाले, याचा अर्थ केअरटेकरला धोका माहीत होता, चांगलं झालं.

झाडू पूजेत होते, इथपर्यंत ती आली. फोडी उचलूं लागलों तों विमान दिसलें. तिने भाषांतर केलं आणि पेन खाली ठेवलं.

"आणि मग?" प्रतापसिंह म्हणाले. "मी दोन किलोमीटरवर होतो. एक शब्द पुरला असता. तो माणूस रेडिओपाशी का गेला नाही?"

खोलीत एसी चालू होता. काचेपलीकडे बाकावर व्यासराज बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि मुद्दाम दुसरीकडे पाहत होते.

"तो गेला नाही, कारण त्याने मला सांगितलं," ऋजुता म्हणाली. मग तिने उरलेल्या सहा ओळी वाचल्या, आधी जशा होत्या तशा, मग इंग्रजीत. ओलं कुंकू इंग्रजीत फारच हास्यास्पद वाटलं. तरी तिने ते गाळलं नाही.

प्रतापसिंहांनी आपल्या निवेदनाचं अधोरेखित वाक्य बोटाने एकदा चाचपलं.

"हे शेवटचं वाचायची काही गरज नव्हती," नारायणस्वामी म्हणाले, आणि ते खरंच दुखावले गेले होते. "रेडिओ पूजेत कुणी ठेवला?"

"मी. तुमच्या सर्क्युलरवरून."

त्यांनी फॉर्म आपल्याकडे ओढला. नवव्या रकान्यापाशी कंसातले तीन शब्द पाहिले, आणि त्यांच्या खांद्यांवरून ओझं उतरल्यासारखं दिसलं.

"नियमाप्रमाणे," ते म्हणाले, "एकच नाव बसतं."

रकाना ९ : जबाबदार व्यक्ती (एकच नाव लिहावे)

ऋजुता विलास कुंभोजकर. अक्षर बरं आलं.

रकाना १० : पुन्हा असे घडू नये म्हणून उपाय

तिने लिहिलं : पट्टीवर कोहळे फोडू नयेत. रेडिओ, झाडू आणि विंडसॉक पूजेत ठेवू नयेत.

नारायणस्वामींनी "ठेवू नयेत" खोडून "यांची पूजा आदल्या दिवशी करावी" असं केलं. मग फॉर्मचा फोटो कोइंबतूरला गेला. चेअरमनांनी मांडीला मलम लावलेल्या अवस्थेत फोनवरून मंजुरी दिली आणि एकच दुरुस्ती सुचवली : अकरा हा आकडा आपल्याला लाभत नाही, पुढच्या वर्षी कोहळे नऊ.

जोडपत्र (फॉर्ममध्ये याला जागा नाही)

ऋजुताला सोमवारी निलंबनाचं पत्र मिळालं. व्यासराजांना मिळालं नाही. मैलापूरच्या खोलीवर तिने सांगलीला फोन लावला आणि वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून एवढंच विचारलं, की विमानाला तरी "उद्या ये" म्हणायला काय झालं होतं. ते हसत होते की नाही, हे तिला कळलं नाही.

दिल्लीचा माणूस आला, किरकोळ अंगाचा, फार न बोलणारा. फॉर्म त्याने वाचला आणि बाजूला ठेवला. जोडपत्राचं भाषांतर मात्र दोनदा वाचलं. मग त्याने वहीच मागितली, चाळली, आणि या बाकीच्या पानांत काय आहे असं विचारलं. नारायणस्वामी म्हणाले, काही नाही, रोजचंच. रोजचं म्हणजे काय, तो म्हणाला. नऊ वर्षांचं पूर्ण भाषांतर मिळेपर्यंत पट्टीवर विमान उतरणार नाही, असं त्याने लेखी दिलं.

भाषांतरकार शोधायला दहा दिवस गेले. मराठी येणारे आयटीत खूप निघाले, पण वहीचं पान दाखवलं की ते म्हणत, ही आमची मराठी नव्हे. शेवटी नारायणस्वामींनी तिला स्वतः फोन केला. सुरक्षा अधिकारी म्हणून ती निलंबितच राहील, हे त्यांनी आधी स्पष्ट केलं. भाषांतरकार हे पद वेगळं, त्याचा फॉर्म वेगळा.

आता ती रोज कंपनीच्या व्हॅनने गुम्मिडिपूंडीला जाते. क्वार्टरच्या ओसरीत बसते. व्यासराज वाचतात, एखाद्या शब्दाला अडलं तर आतून राजसबाई अर्थ सांगतात, आणि त्याचा कधीकधी तमिळमधून अर्थ सांगावा लागतो; एका पानाला दोन-तीन दिवस सहज जातात. समोर पट्टी रिकामी असते. शेजारच्या वस्तीतल्या बायकांनी तिच्यावर मिरच्या वाळत घातल्या आहेत. चेअरमन महिन्यातून दोनदा आठ तास रस्त्याने येतात आणि आल्याबरोबर किती पानं झाली असं विचारतात.

काल त्यांनी विचारलं तेव्हा सात झाली होती. आठव्या पानावर विमान उतरत असताना पट्टीच्या मधोमध एक म्हैस बसली होती, आणि रजिस्टरमध्ये त्या तारखेला होय लिहिलेलं होतं. ऋजुताने पेन उचललं, तारीख घातली आणि म्हशीपासून सुरुवात केली.